पोर्ट मेडो: कुंपण नसलेल्या कुरणाची राखण

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड शहराच्या वायव्येला, थेम्स नदीच्या डाव्या काठावर पोर्ट मेडो नावाचं सपाट कुरण पसरलेलं आहे. शेजारच्या वुल्व्हरकोट गावाचं कॉमन, म्हणजे सामाईक वापराची जमीन, धरून सुमारे ४०० एकर. उन्हाळ्यात तिथे घोडे, गाई आणि माणसं एकाच गवतावर वावरतात. हिवाळ्यात नदी काठ ओलांडून आत येते, कुरणाचं तळं होतं आणि त्यावर बदकं, टिटव्या, सोनचिखले उतरतात. थंडी फार कडक पडली तर साचलेलं पाणी गोठतं आणि लोक त्यावर स्केटिंग करतात. आत यायला तिकीट लागत नाही, आणि ‘या वेळेत प्रवेश बंद’ अशी पाटीही नाही.

शहराच्या इतक्या जवळची, नदीकाठची, सपाट जमीन. तिच्यावर घरं बांधली गेली असती, निदान शेती तरी झाली असती, तर कुणाला नवल वाटलं नसतं. तसं झालं नाही. गेली सुमारे ४००० वर्षं इथे नांगर चाललेला नाही असं मानलं जातं. कांस्ययुगातल्या दफनाचे गोल उंचवटे आणि लोहयुगातल्या वस्तीच्या खुणा अजून जमिनीत जशाच्या तशा आहेत. उन्हाळ्यात काही जागी गवताचा आणि पिवळ्या बटरकप फुलांचा दाटपणा बदलतो, आणि जुन्या चरांची वर्तुळं वरून पाहणाऱ्याला ओळखू येतात.

अशा जागी लोकांना मोकळं येऊ द्यायचं आणि जागाही राखायची, हे कसं साधतं? मी हे प्रकरण निवडलं ते एका कारणासाठी. सार्वजनिक जागेवर गर्दी वाढली की आपली पहिली धाव कुंपण, फरशी आणि पाट्यांकडे असते. पोर्ट मेडोवर यातलं जवळपास काहीच करता येत नाही. तरी तिथली राखण चालू आहे, आणि ती बरीचशी कुरणाच्या कडेवरून चालते, काही वेळा कुरणापासून कित्येक मैल लांबून.

हक्क कुणाचा

इंग्लंडमधलं ‘कॉमन’ आपल्या गायरानासारखं वाटतं, पण त्यात एक फरक आहे. कॉमनची मालकी एकाची असते आणि वापराचे हक्क दुसऱ्यांचे. मालकाला त्या हक्कांना धक्का लावता येत नाही. पोर्ट मेडोची मालकी आणि देखभाल ऑक्सफर्डच्या नगर परिषदेकडे आहे. गुरं चारण्याचा हक्क मात्र ऑक्सफर्डच्या ‘फ्रीमेन’ना, म्हणजे शहराच्या जुन्या नागरिक-घराण्यांना, आणि वुल्व्हरकोटच्या हक्कदारांना आहे. १०८६ च्या ‘डूम्सडे’ या इंग्लंडच्या जमीन-महसुलाच्या नोंदवहीत हे कुरण सापडतं: शहराच्या तटाबाहेर ऑक्सफर्डच्या नागरिकांची सामाईक चराई आहे आणि तिचं उत्पन्न ६ शिलिंग ८ पेन्स, अशी ती नोंद. पुढे १९६५ च्या कॉमन नोंदणी कायद्याखाली या जमिनीची रीतसर नोंद झाली. गुरं नसलेल्या माणसालाही तिथे पायी फिरता येतं, आणि तो हक्क कुणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही.

चराईच्या हक्काला एक जुनी शिस्त जोडलेली आहे. ऑक्सफर्डचा शेरिफ, म्हणजे शहराचा एक मानाचा अधिकारी, वर्षातून एकदा, आधी न कळवता, कुरणावरची सगळी जनावरं हाकून एकत्र आणतो. प्रत्येक जनावराचा मालक कोण आणि त्याला हक्क आहे का, हे तपासलं जातं. हक्काविना सोडलेलं जनावर सापडलं तर मालकाला दंड भरून ते सोडवावं लागतं. बघणाऱ्याला हा सोहळा वाटतो, पण काम खरं आहे. कुरणावर किती तोंडं चरतात याचा हिशेब वर्षातून एकदा तरी होतो. माणसांचा असा हिशेब कुणीच ठेवत नाही, आणि पुढच्या बऱ्याच अडचणी तिथूनच सुरू होतात.

कायद्याची आणखी एक बाजू व्यवस्थापकाचे हात बांधते. नोंदणीकृत कॉमनवर कुंपण घालायचं, इमारत उभारायची किंवा वाटेवर नवा पक्का थर द्यायचा, तर २००६ च्या कॉमन कायद्याच्या कलम ३८ खाली थेट मंत्र्याच्या पातळीवरची संमती लागते. परिषदेच्या एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात आलं आणि पुढच्या आठवड्यात तारा ओढल्या, असं होत नाही. त्याशिवाय ही जागा विशेष वैज्ञानिक महत्त्वाची म्हणून संरक्षित आहे, ‘ऑक्सफर्ड मेडोज’ या विशेष संवर्धन क्षेत्रात मोडते आणि पुरातत्त्वीय स्मारकही आहे. परवानगीची एवढी दारं त्रासदायक वाटू शकतात. मला मात्र ती या जागेचं भाग्य वाटतात, कारण घाईत घेतलेला निर्णय इथे अंमलात यायलाच वेळ लागतो आणि तेवढ्यात त्यावर बोलणं होतं.

गवताला काय चालतं

लोकांच्या पायांनी कुरणाचं नुकसान होतं, असं आपण गृहीत धरतो. ते किती खरं आहे हे समजून घ्यायला कुरणाच्या उत्तरेकडे जावं लागतं. थोड्याच अंतरावर, त्याच पूरमैदानात पिक्सी मीड आणि यार्न्टन मीड ही कुरणं आहेत. तिथे शेकडो वर्षं गवत वाढू देऊन उन्हाळ्यात कापलं जातं आणि त्यानंतरच गुरं सोडली जातात. पोर्ट मेडोवर कापणी नाही, चराईच चराई. पाणी तेच, गाळही तोच, पण शतकानुशतकांची वहिवाट वेगळी. १९३७ मध्ये या चरलेल्या आणि कापलेल्या कुरणांची शास्त्रीय तुलना प्रसिद्ध झाली आणि वनस्पती-परिसंस्थेच्या अभ्यासात ती नावाजली गेली. कापणीच्या कुरणात उंच देठाच्या, उशिरा फुलणाऱ्या वनस्पती भरपूर. चराईच्या कुरणात जमिनीलगत पसरणाऱ्या, पानांचा चकतीसारखा गुच्छ करणाऱ्या, चावा आणि टाच दोन्ही सोसणाऱ्या.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. कापणीच्या कुरणात मे महिन्यात लोक मोकळे फिरले तर गवत आडवं होतं, फुलं बी धरण्याआधी तुडवली जातात आणि वैरणही जाते. तिथे कापणी होईपर्यंत लोकांनी वाट सोडू नये, हेच बरोबर. पोर्ट मेडोवर तोच नियम लावला तर जमिनीला त्याचा उपयोग नाही आणि लोकांचा हक्क मात्र विनाकारण आकसेल. इथल्या वनस्पतींची वाढीची टोकं मातीला टेकलेली असतात. विखुरलेल्या पावलांचं त्यांना काही वाटत नाही.

त्यातली एक वनस्पती तर तुडवलं गेल्याशिवाय टिकत नाही. क्रीपिंग मार्शवर्ट, शास्त्रीय नाव एपियम रेपेन्स. ओवा-कोथिंबिरीच्या कुळातली, चिखलावर सरपटणारी, बारीक पांढऱ्या फुलांची. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ तिचं माहीत असलेलं ठिकाण हेच होतं, आणि या परिसराला युरोपीय पातळीवरचं संरक्षण मिळण्यामागे तिचं मोठं कारण आहे. तिला हिवाळ्यातला पूर हवा आणि पाणी उतरल्यावर जनावरांच्या खुरांनी फोडलेली उघडी ओली माती हवी. गवत दाट झालं की ती दबून जाते. म्हणजे जिला वाचवण्यासाठी एखाद्याने तळमळून कुंपण घातलं असतं, ती त्या कुंपणानेच संपली असती. नियम करण्याआधी जमिनीला काय सोसतं आणि काय सोसत नाही हे नीट पाहायला हवं, ते यासाठी.

न सोसणाऱ्या गोष्टीही आहेत. विस्तव हा पहिला. उरलेलं खाणं, काच आणि प्लॅस्टिक हे त्याच्या जोडीला. एकाच रेषेवरून, तेही ओल्या दिवसांत, हजारो पावलं जाणं हेही. हिवाळ्यातल्या पक्ष्यांमागे धावणारा मोकळा कुत्रा हा वेगळाच प्रश्न आहे. थंडीत पक्ष्याला प्रत्येक उड्डाणाची किंमत मोजावी लागते. दिवसातून दहा वेळा उठवलेला थवा संध्याकाळी भुकेलाच राहतो, आणि कुत्र्याच्या मालकाला आपण काही बिघडवलं असं वाटतही नाही.

मे २०२०

ब्रिटनमध्ये त्या वर्षीचा मे महिना तोवरच्या नोंदींतला सर्वात उन्हाचा महिना ठरला. त्याच महिन्याच्या मध्यावर, साथीची कडक टाळेबंदी सैल होऊन इंग्लंडमध्ये लोकांना बाहेर मोकळ्यावर बसता येऊ लागलं. उपाहारगृहं बंद, परदेशवारी बंद, आणि शहराला खेटून ४०० एकर गवत. लोक आले. एकदा वापरून फेकायच्या पत्र्याच्या शेगड्या आल्या, बाटल्या आल्या, आणि संध्याकाळी त्यातलं बरंच काही गवतावरच राहिलं.

या शेगड्यांचं नुकसान बघायला बारीक नजर लागत नाही. शेगडी उचलल्यावर खाली करपलेला चौकोन उरतो. पायाने दबलेलं गवत काही दिवसांत उठतं, भाजलेली मुळं उठत नाहीत. कोरड्या दिवसांत आग पसरण्याची भीती वेगळी. काच घोड्याच्या खुरात जाते, आणि खाण्याचा वास लागलेली पिशवी गाय गिळू शकते. कुरणावर विस्तवाला मनाई आहेच. पण ४०० एकरांवर मनाई पाळली जाते की नाही हे पाहायला माणसं किती ठेवणार?

पाहिजे तिथे कचरापेट्या ठेवा, ही मागणी अशा वेळी हमखास होते. मला ती पटत नाही. कुरणाच्या मध्यात पेटी ठेवली की ती रिकामी करायला गाडी आत न्यावी लागते. घोडे पेटी उलथतात, कावळे आणि हंसबदकं ती उपसतात, आणि पूर आला की सगळं नदीत. पेटीची जागा फाटकाशी आहे. भूगोल इथे व्यवस्थापकाच्या बाजूने उभा आहे. कुरणाच्या पश्चिमेला नदी, पूर्वेला रेल्वे आणि तिच्यामागे कालवा. दक्षिणेकडून वॉल्टन वेल रस्ता, पूर्वेकडून ॲरिस्टॉटल गल्लीतून रुळांवरचा पूल, नैर्ऋत्येला मेडलीचा पादचारी पूल, उत्तरेला वुल्व्हरकोट आणि गॉडस्टोची बाजू. एवढ्या मोठ्या मैदानाला तोंडं मोजकीच. येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस यांतल्या एका तोंडातून येतो आणि बहुधा त्यातूनच परत जातो. पेटी, सूचना, गर्दीच्या रविवारी उभा राहून बोलणारा एखादा माणूस, सगळं तिथेच असायला हवं. शेगडी पेटल्यावर वाद घालण्यापेक्षा ती पिशवीत असताना फाटकाशी दोन शब्द बोलणं सोपं जातं.

गाडीतळाचंही तसंच. वॉल्टन वेल रस्त्याचा आणि गॉडस्टो रस्त्याचा, दोन्ही गाडीतळ लहान आहेत आणि ते लहानच राहावेत असं माझं स्पष्ट मत आहे. तळ वाढवला की गर्दी वाढते. पायी किंवा सायकलवर येणारा माणूस सोबत आणून आणून किती आणणार? जड सामान गाडीतून येतं.

कडेवरचं आणखी एक साधन म्हणजे बर्जेस फील्ड. कुरणाला लागून असलेली ही जागा पूर्वी शहराचा कचरा टाकायची होती. भराव पुरा झाल्यावर ती झाकली गेली, झाडझाडोरा वाढला आणि आता ती निसर्ग-उद्यान आहे. कुरणापेक्षा उंच असल्याने पुराच्या दिवसांतही तिथली वाट कोरडी असते. कुत्रा फिरवणाऱ्याला, धावणाऱ्याला हिवाळ्यात पाय टेकायला जागा मिळते आणि साचलेल्या पाण्यावरचे पक्षी निवांत राहतात. कुणालाही ‘येऊ नका’ म्हणावं लागत नाही. शहराच्या उकिरड्याने कुरणाला असा आधार द्यावा, याचं मला मनापासून समाधान वाटतं.

वरून येणारं पाणी

कुरणाच्या उत्तर टोकाला वुल्व्हरकोट मिल स्ट्रीम हा थेम्सचा फाटा वाहतो आणि तिथे पोहण्याची जुनी जागा आहे. स्थानिक लोकांनी मोहीम चालवली, पोहणाऱ्यांची मोजदाद केली, नगर परिषदेने अर्ज केला, आणि एप्रिल २०२२ मध्ये या जागेला अधिकृत स्नानस्थळाचा दर्जा मिळाला. इंग्लंडमध्ये नदीवर असा दर्जा मिळालेली ही दुसरीच जागा. पहिली यॉर्कशरमधल्या इल्कली इथली, व्हार्फ नदीवरची.

दर्जा मिळाला म्हणजे पाणी स्वच्छ झालं असं नाही. दर्जा मिळाल्यावर १५ मे ते ३० सप्टेंबर या हंगामात पर्यावरण खात्याला नियमित नमुने घ्यावे लागतात आणि विष्ठेतून येणारे जिवाणू, म्हणजे ई. कोलाय आणि आतड्यातले एन्टरोकॉकाय, मोजावे लागतात. पहिल्याच वर्षी निकाल आला: ‘निकृष्ट’. २०२३ मध्येही तोच. अशा निकालानंतर ‘इथे पोहू नये’ असा सल्ला जागेवर लावणं बंधनकारक असतं. नदीच्या वरच्या अंगाला सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत, आणि जोराच्या पावसात क्षमतेबाहेरचं पाणी प्रक्रियेविना नदीत सोडलं जाण्याचा प्रश्न साऱ्या इंग्लंडभर पेटलेला आहे.

व्यवस्थापकाची इथे विचित्र कोंडी होते. पोहायला या म्हणून त्याने कुणाला बोलावलेलं नाही, लोक पिढ्यानपिढ्या येतातच. पाणी त्याने घाण केलेलं नाही. पाटी मात्र त्यालाच लावावी लागते. काहींना वाटलं, कशाला हा दर्जा मागितला, उगाच बदनामी. मला उलट वाटतं. लोकांनी आपल्या वापराची मोजणी केली, तिला कायद्याचं बळ मिळवलं आणि वरच्या अंगाच्या घाणीचा आकडा सरकारी कागदावर आणला. ‘आम्ही इथे येतो’ हे एवढंच वाक्य नीट नोंदवलं तर ते सांडपाण्याच्या नळापर्यंत पोहोचतं, हे या मोहिमेने दाखवलं.

कडेवर लक्ष नसलं की काय होतं याचाही दाखला इथेच आहे. कुरणाच्या दक्षिणेला, रेल्वेलगत, विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी कॅसल मिल नावाच्या इमारती २०१३ मध्ये पुऱ्या केल्या, काही पाच मजली. कुरणाची एक वीतही त्यांनी घेतली नाही. पण कुरणावरून शहराकडे बघताना दिसणारी झाडांची आणि मनोऱ्यांची जुनी ओळ त्यांनी झाकली. मोठा विरोध झाला, परिणामांचा सविस्तर अहवाल बांधकामानंतर आला, आणि वरचे मजले उतरवण्याचा प्रस्ताव विद्यापीठाच्या सभेने २०१५ मध्ये फेटाळला. इमारती आजही उभ्या आहेत. विरोध करणाऱ्यांची तळमळ खरी होती. मात्र तिला ऐकणारं कुणी आराखडा मंजूर होण्याआधी भेटायला हवं होतं.

वाटेचा प्रश्न

सर्वात अवघड गोष्ट मी शेवटी ठेवली आहे, कारण तिच्यावर माझं मत पुन्हापुन्हा हेलकावतं.

ओल्या महिन्यांत दक्षिणेच्या फाटकापासून आत जाणारी वाट चिखल होते. चालणारा चिखल टाळायला बाजूच्या गवतावरून जातो, दुसऱ्या दिवशी तिथेही चिखल, मग त्याच्याही बाजूने. वाट अशी रुंदावत जाते. त्यावर खडी घालून उंच केली तर प्रश्न सुटल्यासारखा दिसतो. पण पूरमैदानावर उंच केलेली वाट म्हणजे बांधच. पाणी पसरण्याची आणि ओसरण्याची रीत त्याने बदलते, आणि इथली प्रत्येक वनस्पती त्या रितीवर अवलंबून आहे. खडीचा चुरा कडेच्या मातीचा गुण बदलतो. खणायला जावं तर खाली पुरातन अवशेष. आणि पक्की वाट झाली की तिच्यावरून सायकली वेगाने जातात, चरणारी जनावरं आणि माणसं यांच्यातलं आजचं सावकाश नातं बदलतं. म्हणून आडव्या-उभ्या पक्क्या वाटांना माझा विरोध आहे.

तरीही ‘चिखल हा कुरणाचा स्वभाव आहे’ असं म्हणणं ज्याचे पाय धड आहेत त्याला सोपं. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला, काठी टेकत येणाऱ्या आजोबांना हे कुरण वर्षातले कित्येक महिने बंदच असतं. त्यांच्यासाठी कुणी दार लावलेलं नाही, एवढंच. सगळ्यांचा हक्क म्हणून ज्याचं कौतुक करायचं, तो हक्क नोव्हेंबर ते मार्च बूट घातलेल्यांपुरता उरतो.

यावर मला सुचणारा मार्ग पुन्हा कडेचाच आहे. वॉल्टन वेलच्या फाटकापासून, जिथे जमीन आधीच तुडवून घट्ट झाली आहे तेवढ्याच टप्प्यात, भोवतालच्या पातळीलाच असलेला एक छोटा पक्का तुकडा असावा. चाकाची खुर्ची तिथवर जाईल आणि समोर पूर्ण पाणी, पक्षी आणि घोडे दिसतील, पुढे वाट नसेल. फाटकं अशी हवीत की गाय अडेल आणि खुर्ची अडणार नाही. बर्जेस फील्डची उंच वाट खुर्चीला चालेल अशी ठेवली आणि तिथवर पोहोचणं सुकर केलं तर हिवाळ्यातही एक फेरी होईल. या प्रत्येकासाठी संमती मागावी लागेल, पुरातत्त्वाचा आणि वनस्पतींचा जाणकार आधी जागा पाहील, फ्रीमेन आणि वुल्व्हरकोटचे हक्कदार आपलं म्हणणं मांडतील. वेळ लागेल. त्या सुनावणीत चाकाच्या खुर्चीवरून येणारा कुणीतरी पहिल्या दिवसापासून बसलेला असावा, एवढी माझी अट आहे.